जमिनीवरचा दिवा

"ही तर पेज आहे," सुदाम म्हणाला. "यात दारू कुठंय?"

त्याच्या हातातल्या स्टीलच्या पेल्यात पांढरं, दाटसर काहीतरी होतं आणि त्यावर बारीक बुडबुडे येऊन फुटत होते. आजारी माणसाला मीठ घालून देतात तशी भाताची पेजच दिसत होती. मी त्याचं म्हणणं जपानीत सांगितलं. कुरोसे-सान गुडघ्यावर हात ठेवून हसले.

"त्यांना सांगा, दारू आत लपून बसली आहे. तिला हाक मारू नका. ती आपणहून येते."

मी सांगितलं. सुदामने एक घोट घेतला, जरा थांबला, पेल्यात बघितलं आणि उरलेली सगळी एका दमात प्यायला. मग मिशीवरची पांढरी रेघ हाताने पुसून गंभीरपणे म्हणाला, "आली."

दौलतराव खो खो हसले. मीही हसले आणि माझा पेला उचलला. आधी भाताचा गोडवा लागला, मग ताकासारखा आंबटपणा, मग जिभेला बारीक गुदगुल्या. अर्धवट विरघळलेली शितं दाताखाली येत होती. पिता पिता चावायची दारू मी पहिल्यांदाच पीत होते. जपानी भाषेशी माझा संसार तोवर दहा वर्षांचा झाला होता, पण इतकं साधं सुख त्या भाषेने मला तोपर्यंत दिलं नव्हतं.

ही जानेवारी २००५ची गोष्ट. दौलतराव बोरस्त्यांची दिंडोरीच्या पुढे, कादवेच्या काठी द्राक्षबाग होती आणि तिथेच त्यांनी छोटी वाइनरी काढली होती. द्राक्षाची वाइन आता गल्लोगल्ली होणार, आपण काहीतरी निराळं करावं, असं त्यांनी मनात घेतलं. निराळं म्हणजे इंद्रायणी तांदळाची जपानी दारू, तीही पुरती न गाळलेली, गढूळ. तिला तिकडे निगोरी म्हणतात. ती शिकवायला जपानच्या बर्फाळ उत्तरेतून कुरोसे-सान आले होते. वय एकाहत्तर. आजोबांपासून घरात हाच धंदा. आणि त्यांचं बोलणं इकडे नि इकडचं तिकडे पोचवायला पुण्याहून मी, सुनीती परांजपे.

त्या काळात मला माझ्या कामाचा गर्व होता. मी नुसते शब्द पोचवत नसे, माणसं सांभाळत असे. जपानी माणूस "बघू" म्हणाला तर त्यात "नाही" किती आहे हे मी मराठीत अलगद घालायची. मराठी माणूस एकदम अंगावर आला तर त्याची धार जपानीत बोथट करायची. माझ्यासमोर कधी भांडण होत नाही असं लोक म्हणत, आणि मला ते ऐकायला आवडायचं.

त्या पहिल्या पेल्याच्या दिवशी दौलतरावांच्या आई, गयाबाई आजी, दारात पाठमोऱ्या उभ्या होत्या. घरात दारू होते हे त्यांनी द्राक्षाच्या वेळी कसंबसं गिळलं होतं. तांदळाची होणार म्हटल्यावर त्यांनी दोन दिवस अन्न सोडलं होतं.

"द्राक्ष फळ आहे," त्या म्हणाल्या होत्या. "तांदूळ अन्न आहे. अन्न नासवून पिणार तुम्ही? अन्नपूर्णा उठून जाईल घरातून."

मग त्यांचं मन वळलं कसं? एका दिव्यामुळे. ते आधी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्या दिव्याशी येऊन थांबतं.

या दारूला थंडी लागते. नाशिकची थंडी कितीही म्हटली तरी दुपारी ऊन लागतंच. म्हणून दौलतरावांनी द्राक्षं ठेवायचं जुनं शीतगृह रिकामं केलं. जाड दार, खिडकी नाही, बंद केलं की मुंगीलाही वाट नाही. मधोमध पुरुषभर खोल खड्डा खणून सिमेंटने बांधला, त्यात टाकी उतरवली. म्हणजे वरून उभ्या उभ्या लांब वल्ह्याने ढवळता येत होतं, आणि दारू काढायची तोटी खाली, खड्ड्याच्या तळाशी आली होती. पाच पायऱ्या उतरून, वाकून, तोटीखाली किटली धरायची आणि वर आणून विरळ पंच्यातून ओतायची.

टाकीत तांदूळ, पाणी आणि आंबवणासाठी खास बुरशी लावलेली शितं पडली त्या दिवशी कुरोसे-साननी पितळेचा एक छोटा दिवा मागून घेतला. तो पेटवला, हात जोडले, पायऱ्या उतरून गेले आणि खड्ड्याच्या तळाशी, थेट जमिनीवर, तो ठेवून आले.

वर येऊन ते माझ्याकडे बघून बोलले. सावकाश, एकेक वाक्य तोडून, म्हणजे माझं काही सुटू नये.

"हे सगळ्यांना नीट सांगा, सुनीती-सान. हे आंबायला लागलं की त्यातून वायू निघतो. तो दिसत नाही, त्याला वास नाही, आणि तो जड असतो. पाण्यासारखा खाली साठतो. माझे थोरले काका असेच गेले. म्हणून दिवा तळाशी. जितका खाली ठेवता येईल तितका खाली. तो जळतोय तोवर माणूस उतरेल. तो गेला की कोणीही उतरायचं नाही. मोजायचं यंत्र मिळतं, पण यंत्राची बॅटरी संपते. दिवा खोटं बोलत नाही."

मी तोंड उघडणार तेवढ्यात मागून आजींचा आवाज आला. त्या कधी आल्या ते मला कळलंच नव्हतं. डोळ्यांना पदर लावून उभ्या होत्या.

"बघ दौलत," त्या म्हणाल्या. "बाहेरदेशीचा माणूस, पण कामाला हात लावायच्या आधी दिवा लावला. हात जोडले. तुम्हाला सुचलं का कधी?"

दौलतरावांच्या चेहऱ्यावर इतका सुटकेचा भाव होता की बघणाऱ्याला हसू यावं. ते म्हणाले, "मॅडम, काय म्हणू राहिले ते दिव्याबद्दल?"

माझ्यासमोर दोन वाटा होत्या. खरं सांगितलं असतं तर आजींना कळलं असतं की हा दिवा देवासाठी नाही, माणूस मरेल की नाही हे बघायला आहे. दारू तर गेलीच असती, म्हातारा परत गेला असता, दौलतरावांनी वर्षभर खपून उभं केलेलं सगळं त्या संध्याकाळीच संपलं असतं. मी मनात म्हटलं, आता नको. आजी गेल्या की पुरुषांना बाजूला घेऊन सांगू.

"त्यांच्याकडची रीत आहे," मी म्हणाले. "काम चालू असेपर्यंत दिवा तिथे ठेवतात."

आजी आत गेल्या आणि त्यांनी कुरोसे-सानसाठी पुरणपोळी पाठवली. पुरुषांना बाजूला घ्यायचं राहून गेलं. राहून गेलं हेही खोटंच. दुसऱ्या दिवशी सगळे इतके आनंदात होते की मला तो विषय काढवेना. आणि रोज पहाटे कुरोसे-सान स्वतः दार उघडत, पंखा लावत, अर्ध्या तासाने दिवा बघत आणि मगच मान हलवून सुदामला खुणावत. ते आहेत ना, असं मी स्वतःला सांगितलं.

सुदाम गांगुर्डे वाइनरीतला सगळ्यात हुशार माणूस. वय चौतीस, हात हलका, कान तिखट. टाकीला कान लावून आत काय चाललंय ते सांगायचा. द्राक्षाच्या टाकीत डोकं घालायचं नसतं हे त्याला माहीत होतं, पण त्या टाक्या उघड्या शेडमध्ये होत्या, चारी बाजूंनी वारा होता. इथे खोलीचीच टाकी होते हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्याची आणि कुरोसे-सानची माझ्यावाचूनच गट्टी जमली होती. तो त्यांना मराठी शिकवायचा. "वर", "खाली", "बास", "लय भारी". म्हातारा ते शब्द दिवसभर घोळवत बसायचा. सुदामची सहा वर्षांची मुलगी वृषाली डबा घेऊन यायची, तिला बघून ते "लय भारी" म्हणायचे आणि ती लाजून पळून जायची.

तर तो पहिल्या पेल्याचा दिवस. आमचे तिघांचे दोन-दोन पेले झाल्यावर कुरोसे-साननी एक पेला आजींपुढे धरला आणि कमरेत वाकले. नाही म्हणायची सोय उरली नाही. आजींनी बोट बुडवून जिभेला लावलं.

"आंबील आहे," त्या म्हणाल्या. मग इकडेतिकडे बघून एक घोट घेतला. "आंबीलच आहे. जरा नासलेली."

"माय, आणखी देऊ?" दौलतराव म्हणाले.

"मेल्या, आईला पाजतोस?" असं म्हणत त्यांनी पेला पुढे केला.

त्या दुपारी ते घर फार सुखी होतं. मी तिथेच थांबले असते तर बरं झालं असतं.

बाहेर पडताना सुदाम माझ्याजवळ आला. "ताई, एक विचारू? आज सकाळी खाली दिवा गेला होता. परवा पण गेला. दिवा गेला का हे जपानी बाबा मला अशे दोन्ही हात आडवे लावून अडवतात. पंखा लावतात, परत पेटवतात, मग सोडतात. ते काय हाये?"

आता सांगायचंच, असं मी ठरवलं. पण "दिवा गेला" हे शब्द आजींच्या कानावर पडले होते.

"दोनदा गेला?" त्या म्हणाल्या. हसू पार मावळलं होतं. "आणि मला कोणी सांगितलं नाही?"

"वारं असंल, आजी," सुदाम म्हणाला.

"बंद खोलीत वारं कुठून आलं? हे लक्षण बरं नाही." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "काय ओ बाई, त्यांच्यात काय मानतात? दिवा गेला तर?"

मी म्हणाले, "त्यांच्यातही ते चांगलं मानत नाहीत."

यात एकही शब्द खोटा नव्हता. आजी गेल्यावर सुदामला मी एवढंच म्हटलं की बाबा अडवतील तेव्हा थांबत जा. तो "बरं" म्हणाला आणि कामाला लागला.

दुसऱ्या दिवशी भोगी होती. कुरोसे-सानना सकाळपासून कणकण वाटत होती. त्यांनी नेहमीप्रमाणे पंखा लावला, ढवळणं उरकलं आणि दुपारी पाहुण्यांच्या खोलीत जाऊन पांघरूण घेऊन पडले. ते गेल्यावर आजी शीतगृहात आल्या. हातात चौरंग, ओच्यात तांदूळ.

"उद्या संक्रांत," त्या म्हणाल्या. "दिवा काय भुईवर ठेवतात? खाली चार दाणे तरी हवेत. म्हणून तर सारखा जातोय. सुदाम, वर आण तो."

सुदामने माझ्याकडे बघितलं. मी तिथेच उभी होते. आजी चौरंगावर तांदळाची रास करत होत्या, चिमटीने, कडा सारख्या करत. दाराच्या आत, डाव्या हाताला, माझ्या कमरेएवढ्या उंचीवर. अख्ख्या घरात त्या दारूविषयी शेवटचा राग उरला होता तो या बाईंच्या मनात, आणि तोही आता मायेत बदलत होता. त्यांना काय सांगणार होते मी? सतरा दिवस आम्ही तुम्हाला फसवलं असं?

"आण," मी म्हणाले.

सुदाम उतरला, दिवा घेऊन आला. आजींनी तो तांदळावर ठेवला, वात पुढे केली, तेल घातलं, हळद-कुंकू वाहिलं. ज्योत सरळ उभी राहिली. तिथे ती जाणार नव्हतीच. कुरोसे-सानना संध्याकाळी सांगू, असं मी ठरवलं. संध्याकाळी त्यांना एकशे दोन ताप होता.

संक्रांतीच्या दिवशी घरात पाहुणे होते. तिळगूळ झाला, जेवणं व्हायची होती. बाराच्या सुमारास दौलतराव मला म्हणाले, "मॅडम, मेव्हण्यांना आपली निगोरी दाखवू. एक किटलीच. बाबांना विचारून येता का, काढली तर चालंल का?"

मी खोलीत गेले. कुरोसे-सानचा चेहरा तापाने लाल झाला होता. मी विचारलं. त्यांनी डोळे न उघडता विचारलं, "दिवा?"

"बघून येते."

मी शीतगृहापर्यंत गेले. दार बंद होतं. उघडलं तर गार हवा अंगावर आली आणि तो आंबटगोड वास. डावीकडे चौरंगावर दिवा होता. आजींनी सकाळी तेल घातलं असावं. खड्ड्यात अंधार होता. मी परत आले.

दुभाष्याचा एक नियम असतो. विचारलं तेवढंच सांगायचं, पदरचं घालायचं नाही. तो नियम मी आयुष्यात फार थोड्या वेळा पाळला. त्या दिवशी पाळला.

"जळतोय," मी म्हणाले.

"मग हरकत नाही." त्यांनी कूस वळवली.

अंगणात सुदाम किटली घेऊन उभाच होता. नवा शर्ट घातलेला. वृषाली त्याच्या हातावर तिळगूळ ठेवत होती. तो मला म्हणाला, "जाऊ ना, ताई?"

"जा," मी म्हणाले.

मी त्याच्यामागे दारापर्यंत गेले. तो आत शिरला, दिव्याला हात जोडले आणि पायऱ्या उतरला. एक, दोन, तीन, चार, पाच. मग तो तोटीशी वाकला असावा. किटली सिमेंटवर पडल्याचा आवाज आला. फार मोठा नाही. मला वाटलं, हातातून निसटली.

"सुदाम?"

उत्तर आलं नाही. मी पुन्हा हाक मारली आणि माझी हाक ऐकून दौलतराव धावत आले. मला बाजूला सारून ते आत शिरणार, इतक्यात त्यांना मागून कोणीतरी पट्ट्याला धरून खेचलं. ते दारात आडवे पडले. कुरोसे-सान होते. अनवाणी, अंगात झोपायचे कपडे, धापा टाकत. पुढे त्यांनी मला सांगितलं की मी खोलीतून गेल्यावर त्यांच्या तापलेल्या डोक्यात एकच गोष्ट फिरत राहिली. सकाळपासून कोणी पंखा लावलेला नाही, मग दिवा जळतोय कसा?

ते ओरडले. मी ओरडले, "आत जाऊ नका. खाली विषारी वायू आहे. जो जाईल तो मरेल." अठरा दिवसांत त्या वायूविषयी त्यांचं पहिलं वाक्य मी पूर्ण सांगितलं ते हे.

त्यांची नजर चौरंगावर गेली. तांदूळ, हळद-कुंकू, सरळ ज्योत. ते एक क्षण तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी दिवा उचलला, सुतळीने वल्ह्याच्या टोकाला बांधला आणि दारात उभं राहून हळूहळू खड्ड्यात सोडला. दुसऱ्या पायरीपाशी तो गेला. कोणी फुंकर घालावी तसा. मागे आजी उभ्या होत्या. 

मोठा पंखा आणला, आत वळवला. तोवर सुदामची बायको कमल धावत आली होती. ती आत घुसायला बघत होती आणि कुरोसे-सान दोन्ही हात आडवे पसरून दारात उभे होते. तिने त्यांच्या छातीवर मुठी मारल्या, दंडाला चावली, शिव्या दिल्या. ते हलले नाहीत. सगळे मिळून त्यांना उचलून बाजूला करू शकले असते, पण तो विझलेला दिवा सगळ्यांनी बघितला होता. वीस मिनिटं. मग दिवा पुन्हा सोडला, तो तळाला जळत राहिला, तेव्हा दौलतराव उतरले आणि सुदामला खांद्यावर घेऊन आले. त्याच्या मुठीत तिळगूळ तसाच होता.

चार वाजता पोलीस आले. इन्स्पेक्टर समजूतदार होते. त्यांनी कुरोसे-सानना खुर्ची दिली, पण ते बसले नाहीत.

"यांना विचारा, धोका आहे हे यांना माहीत होतं का?"

मी विचारलं. कुरोसे-सान स्पष्ट बोलले. "हो. पहिल्याच दिवशी मी सगळं सांगितलं होतं. दिवा तळाशी ठेवायचा, तो गेला तर उतरायचं नाही. सुनीती-साननी सगळ्यांना समजावलं होतं. तो वर कोणी ठेवला?" मग ते खाली वाकले, जमिनीवर तळहात टेकवला आणि सुदामने शिकवलेला शब्द म्हणाले. "खाली. दिवा खाली."

इन्स्पेक्टरांनी माझ्याकडे बघितलं. दौलतराव बघत होते. आजी भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"ते म्हणतात," मी म्हणाले, "त्यांच्याकडे दिवा खाली ठेवायची रीत आहे. खोलीत इतका वायू साठेल याची त्यांना कल्पना नव्हती. त्यांना फार वाईट वाटतंय."

ते सगळं अपघात म्हणून लिहून घेतलं गेलं. मी भाषांतरकार म्हणून खाली सही केली.

कमल कोपऱ्यात बसली होती. रडून रडून तिचा आवाज बसला होता. तिने मला जवळ बोलावलं. "ताई, खरं सांगा. त्या बाबांनी आधी काहीच सांगितलं नव्हतं का ओ?"

"नाही," मी म्हणाले.

दोन दिवसांनी मी कुरोसे-सानना मुंबईला विमानतळावर सोडायला गेले. गाडी कसारा घाट उतरत होती. तेव्हा ते म्हणाले, "सुनीती-सान, पहिल्या दिवशी मी जे सांगितलं, ते तुम्ही त्यांना सांगितलं होतं ना?"

"हो," मी म्हणाले.

"मग त्यांनी तो वर का ठेवला?"

"मला माहीत नाही."

 "तरी ताप असला म्हणून काय झालं," ते म्हणाले. "मी स्वतः बघायला जायला हवं होतं."

मराठीत मी नाही म्हटलं होतं, जपानीत हो. दोन्ही उत्तरं ज्याला एकत्र ऐकू येतील असं त्या अख्ख्या गावात माझ्याशिवाय कोणी नव्हतं. मला त्या वेळी भीतीपेक्षा सुटल्यासारखं वाटलं, हे लिहायला लाज वाटते, पण तसंच वाटलं.

दौलतरावांनी तो खड्डा बुजवला. आजी त्यानंतर दोन वर्षं जगल्या आणि म्हणे त्यांनी पुन्हा देवापुढे दिवा लावला नाही, सुनेला लावायला सांगत. त्या दिवा वर ठेवल्याबद्दल स्वतःला दोष देत गेल्या. गाव म्हाताऱ्याला दोष देत राहिलं. म्हातारा तिकडे स्वतःला. मी सोडून सगळे दोषी होते.

दर जानेवारीत जपानहून कमलच्या नावाने दौलतरावांच्या पत्त्यावर एक कार्ड यायचं. दौलतराव ते मला पाठवायचे, मराठीत करून द्या म्हणून. मी मागे लिहून परत पाठवायची, 'नवीन वर्ष तुम्हाला सुखाचं जावो.' पंधरा कार्डं आली. मग ती यायची थांबली.

त्या दिवसानंतर मी निगोरीला शिवले नाही असं सांगता आलं असतं तर बरं दिसलं असतं. पण पुण्यातल्या जपानी पाहुण्यांबरोबर मी ती पीत आले. बाटली हळूच आडवी-उभी करायची, तळाचा पांढरा गाळ वर येऊ द्यायचा, मग ओतायची. चव अजून तशीच लागते. आधी भात, मग ताक.

गेल्या महिन्यात फोन आला. नंबर ओळखीचा नव्हता. आवाज तरुण, स्वच्छ, जरासा नाशिककडचा.

"मॅडम, मी वृषाली गांगुर्डे. सुदाम गांगुर्डेंची मुलगी. मी जपानी शिकलेय. इथेच पुण्यात नोकरीला आहे."

मी म्हणाले, "अरे वा." 

"आईने बाबांच्या फोटोमागं ती कार्डं ठेवली होती. मागच्या आठवड्यात घरी गेले तेव्हा वाचली." पलीकडे कार्ड उलटल्याचा आवाज आला. "सगळ्या कार्डांवर एकच आहे. 'पहिल्या दिवशी मी सांगितलं होतं. तरी मी स्वतः बघायला हवं होतं. क्षमा करा.' मॅडम, त्यांनी सांगितलं होतं, ते कुणाला?"

मी रविवारी ये म्हणाले. ती आली. बापासारखेच डोळे. टेबलावर तिने पंधरा कार्डं ओळीने मांडली आणि त्यांच्याशेजारी एक बाटली ठेवली. बाटलीवर कुरोसे-सानच्या गावाचं नाव होतं. वर नितळ पाणी, तळाला पांढरा थर.

"बाबांनी काय प्यायलं होतं, ते मला बघायचंय," ती म्हणाली. "तुम्हाला ओतता येते ना?"

सवयीने मी बाटलीला हात घातला. तिने माझ्या हातावर हात ठेवला. रागाने नाही, पण घट्ट.

"आधी सांगा," ती म्हणाली. "मग पिऊ. पिणार असलो तर."

तिला दोन्ही भाषा येत होत्या. मी बाटली सोडली आणि पहिल्या दिवसापासून सांगायला लागले. या वेळी मी काही गाळलं नाही.